परतीचा डबा

आईला जाऊन आठवडा व्हायचा होता. मी तिच्या साड्या कपाटातून काढून पलंगावर रचत होते आणि बाल्कनीत माझी मुलगी दीक्षा फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. खाली पुणे-नगर रस्त्यावर ट्रकांची रांग लागलेली, म्हणून ती जरा मोठ्यानं बोलत होती. "आजीचा दहावा झाल्याबिगर न्हाई यायची गं मी शाळेत. आमच्यात लई कडक असतं." मग ती थांबली. पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "व्हय, घाटावरच. रविवारी." माझ्या हातात आईची मोतिया रंगाची साडी होती, अर्धी घडी झालेली, एक टोक हनुवटीखाली धरलेलं, आई धरायची तसं. ते टोक तसंच राहिलं. साडीला अजून तिच्या औषधी तेलाचा वास होता आणि त्या वासात तो शब्द येऊन बसला. दहावा. आमच्यात दहावा नसतो. आम्ही बौद्ध. आमच्यात पिंड नाही, कावळा नाही, कुणी डोकं भादरत नाही. माझे आजोबा म्हाळू गेले तेव्हासुद्धा, दौंडच्या वस्तीत, मेणबत्ती लावून वंदना झाली होती, आणि आई सांगायची की भाऊबंदांतले दोन म्हातारे रुसून बसले होते, कावळ्याला घास न ठेवता माणूस जातो कसा म्हणून. आई त्यांना म्हणाली होती, "तुम्ही जेवा की. कावळा जेवला काय आन् तुम्ही जेवला काय." त्या घराण्यातली ही नात बाल्कनीच्या कठड्यावर कोपर टेकून घाटावरचा दहावा सांगत होती, आणि तो इतका व्यवस्थित सांगत होती, की क्षणभर मलाच वाटलं, आपल्याला रविवारी घाटावर जायचं आहे.

हे तिला सुचलेलं नव्हतं. तिनं ऐकून ठेवलेलं होतं. गेल्या वर्षी तिच्या मैत्रिणीचे, समृद्धीचे, आजोबा हौसराव वारले. तेव्हा समृद्धी शाळेत आली नव्हती आणि परत आल्यावर तिनं घाट, कावळा, रविवार, घरातला कडकपणा, सगळं सांगितलं असणार. दीक्षानं ते नीट ऐकलं. चांगला मित्र आधी ऐकतो. हे वाक्य माझं आहे. मी शाळाशाळांतून मुलांना मैत्री करायला शिकवते. असं सांगितलं की लोकांना हसू येतं. सगळ्यात जास्त आई हसली होती. एका कारखान्याच्या पैशावर चालणारी संस्था आहे, आणि तिच्यातर्फे मी शिक्रापूर, कोरेगाव भीमा या पट्ट्यातल्या शाळांत जाते. तिथं दर जूनमध्ये वर्ग बदलतो. कुणाचे वडील बिहारमधून आलेले, कुणाचे बीडकडून. एका खोलीत पाचजण राहतात, कंपनीनं काम थांबवलं की पोरगं शाळेतून नाहीसं होतं. अशा वर्गात कोपऱ्यात बसलेली मुलं मला पाठीवरून ओळखता येतात. त्यांना मी शिकवते: डोळ्यांत बघा, नाव सांगा, एक प्रश्न विचारा, उत्तर संपेपर्यंत थांबा. आणि मग फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते, 'सारखं काय, ते शोधा.' दोन माणसांत काहीतरी सारखं असतंच, मी सांगते. वेगळं काय आहे ते नंतर कळेल, त्याची घाई नको. संस्थेच्या पुस्तिकेत शेवटी एक उपक्रम आहे, शेजारच्याच्या डब्यातला एक घास खायचा आणि आपल्या डब्यातला एक त्याला द्यायचा. तो मी तसा घेत नाही. मी बिस्किटांचे पुडे नेते. ते सोयीचं पडतं, मुलंही खूश असतात.

दीक्षा सातवीत या शाळेत आली तेव्हा वर्षभर एकटी होती. डब्याच्या सुट्टीत ती बेंचवर पुस्तक उघडून बसायची आणि पान उलटायची नाही, हे तिच्या बाईंनी मला सांगितलं, ते अशा आवाजात, की तुम्ही तर हेच शिकवता ना? मग संध्याकाळी मी स्वयंपाकघरात तिला समोर उभं करायचे. "समज, मी समृद्धी. डब्याची सुट्टी झालीय. तू माझ्याजवळ येतेस. काय म्हणशील?" "मी न्हाई येत." "दीक्षा." "बरं. हाय." "हसून." ती हसायची, दात दाखवायला सांगितल्यावर डॉक्टरसमोर हसतात तसं. आई तेव्हा दौंड सोडून आमच्याकडं राहायला आलेली होती. खिडकीजवळच्या खाटेवर पेपर तोंडासमोर धरून बसायची आणि पेपरामागून बोलायची. "हसायला बी शिकवायचं व्हय आता पोरीला? मग शिंकायला कवा शिकवणार?" दीक्षा खरंच हसायची तेव्हा, आणि मी म्हणायचे, "हे बघ, हे असं हसायचं." एकदा मात्र आईनं पेपर खाली घेतला. "विचारायला शिकवतीस ते ठीक हाय, राजश्री. पर तिला कुणी विचारलं तर? तुझ्या पुस्तकात नुसते प्रश्नच हाईत. उत्तरं कुठंयत?" मी म्हणाले, आता कोण विचारतं तसलं. आईनं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. आई शिक्षिका होती. वर्गात चुकीचं उत्तर आलं की ती पोराला रागवत नसे, नुसतं असं पाहायची आणि पुढच्या पोराकडं वळायची. तशी ती पेपराकडं वळली.

आम्हाला आमच्या आडनावानं सांभाळलं. माझ्या नवऱ्याचं आडनाव गायकवाड. माझं लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, "पोरगा कंपनीत कायम हाय, दारू पीत न्हाई, आन् आडनाव म्हंजी रेल्वेचा पास. कुठल्याबी डब्यात चढून बसावं, टीसी येईपर्यंत." वडील रेल्वेत होते, आमच्या घरातले बरेच विनोद दौंडच्या फलाटावरून आलेले. माझ्या नवऱ्याचं नाव मात्र नागसेन, आणि त्या नावाला कुठला पास चालत नाही. ते ऐकलं की माणसं 'अच्छा' म्हणतात. अच्छा, आणि मग थोडी शांतता, आणि मग हवापाण्याच्या गोष्टी. दीक्षा वहीवर नाव घालते ते 'दीक्षा एन. गायकवाड'. मी ते पाहिलं होतं. मला वाटलं, इंग्रजी शाळेत असंच लिहीत असतील.

आईची एकच मैत्रीण होती. रतनबाई. भीमेकाठच्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दोघी शिकवायच्या, दौंडहून एकाच एसटीनं जायच्या-यायच्या, निवृत्त झाल्याही पाठोपाठ. वडील गेले तेव्हा रतनबाईंनी महिनाभर आईचा वर्ग आणि स्वतःचा वर्ग एकत्र बसवून शिकवले आणि कुणाला कळू दिलं नाही. त्यांच्या घरातून आमच्याकडं डबा यायचा. संक्रांतीची गुळाची पोळी, नागपंचमीची दिंडं, होळीची पुरणपोळी. स्टीलचा उभट डबा, त्यावर त्यांच्या सासऱ्यांचं नाव कोरलेलं. आम्ही भावंडं तो डबा दिसला की नाचायचो. आणि डबा रिकामा परत द्यायचा नाही, हे तर सगळ्याच घरांत असतं. आई डबा घासायची, उन्हात वाळवायची, फडक्यानं आतून पुसायची, आणि त्यात साखर भरायची. भरून झाली की डबा ओट्यावर ठकठक आपटायची. साखर खाली बसायची, वर जागा व्हायची, मग ती अजून साखर घालायची. काठोकाठ. आमच्याकडंही पुरणपोळी व्हायची, आईच्या हातची तर चांगलीच. मी एकदा म्हणाले, "आई, त्यांना आपली पोळी का न्हाई देत?" मी दुसरी-तिसरीत असेन. ती म्हणाली, "पोळी आंबती." मी म्हणाले, त्यांची कुठं आंबते? आई डबा आपटत राहिली. "साखर कुणाची बी चालती, बाळा," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. त्यात काहीच नव्हतं. मी मोठी झाल्यावर ते वाक्य अनेकदा उलटून-पालटून पाहिलं आहे, कुठं तरी रागाची किनार सापडेल म्हणून.

रतनबाई आमच्या घरी आल्या की त्यांचा चहा आत्ताच झालेला असायचा. शाळेत दुपारी दोघी एका सतरंजीवर बसायच्या, आणि आई आपल्या डब्यातलं काही पुढं करी त्या दिवशी रतनबाईंचा उपास निघायचा. सोमवार, गुरुवार, एकादशी, कुणाचा तरी नवस. आई घरी येऊन सांगायची, "माझ्या मेथीच्या भाजीनं रतनला केवढं पुण्य लागलं बघ! स्वर्गात गेली की माझी आठवण काढील." आणि पोट धरून हसायची. त्या हसण्यातही मला काही सापडलं नाही. ती रतनबाईंना खरंच जीव लावायची, आणि त्या तिला. आई गेली त्या रात्री मी त्यांना फोन केला तर त्या रडायलाच लागल्या. म्हाताऱ्या माणसाचं ते कोरडं, खोकल्यासारखं रडणं. "माझी ताई गेली गं," म्हणाल्या. त्या रडण्यावर शंका घेता येत नव्हती, आणि तेच मला सगळ्यात अवघड गेलं. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "दहावा... म्हंजी, तुमच्यात काय असतं गं ते? ते कवा हाय?" इतक्या वर्षांनी. एका एसटीच्या एका बाकावर आयुष्य काढलेल्या बाईनं. मी सांगितलं, पुण्यानुमोदन म्हणतात, रविवारी आहे. "हां, तेच," त्या म्हणाल्या. "गुडघ्यानं जमलं तर येते." गुडघ्यानं जमलं नाही.

दीक्षा बाल्कनीतून आत आली. मी साडीची घडी पुरी केली. "दहावा म्हणालीस," मी म्हणाले.

"मग काय म्हणू?" तिनं फोन पलंगावर टाकला. "पुण्यानुमोदन म्हणलं की विचारत्यात, म्हंजी काय? मग म्हंजी काय ते सांगावं लागतं."

"मग सांगायचं."

"तू सांगतीस?" तिचा आवाज चढला नाही. आईसारखीच ती बारीक आवाजात वाईट बोलते. "तू रजेच्या मेसेजमध्ये काय लिवलंस तुझ्या मॅडमला? आईचं दिवसकार्य. मी वाचलंय. दिवसकार्य म्हंजी कुणाचंबी."

मी साड्यांची चळत सरळ केली. ती सरळच होती. संस्थेच्या मॅडमना मी तो शब्द मुद्दाम लिहिला होता का? मला आठवत नाही. शब्द बोटांतून आपोआप येतात, आणि हा आला, आणि तो सगळ्यांना चालणारा होता.

"समृद्धी येणार हाय रविवारी. तिच्या मम्मीसंगं," दीक्षा म्हणाली. "घाटावर. मी नको म्हणलं तर म्हणती, आमचे आबा गेले तवा तू घरी आलीवतीस ना! मम्मी, तू फोन कर त्यांना. सांग, गावाला केलं म्हणून. दौंडला."

"का?"

"का काय का?" ती खाटेच्या कडेवर बसली, आईच्या जागेवर, आणि मग लक्षात येऊन जरा सरकली. "ती एकच हाय गं मला. बाकीच्या पोरी तिच्यामुळं बोलत्यात. ती गेली की मी पुन्हा बेंचवर." मग म्हणाली, "तूच म्हणलीवतीस, सारखं काय ते शोधायचं. न्हाई सापडलं तर काय करायचं ते न्हाई सांगितलंस. मग मी केलं तयार."

समृद्धीची आई आमच्याकडं आधी येऊन गेली होती. आईला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात उभी होती, हातात भाकरीचं गाठोडं आणि पिठल्याचं पातेलं. कडू घास. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा शेजारपाजार, सोयरे जे जेवण आणतात त्याला इकडं कडू घास म्हणतात. आमची कुठलीच सोयरीक नसताना ती आली. त्यांचा शिरूरबाहेर फुलांचा मळा आहे. पदराला शेवंतीचा ओला वास होता. तिनं स्वतः ताटं वाढली, मला बळेच बसवलं. "खावा हो ताई. पोटात काय न्हाई तर रडायला तरी बळ कुठनं यायचं?" मी तिच्या हातची भाकरी खाल्ली आणि आई गेल्यावर पहिल्यांदा मला भूक लागली आहे हे कळलं. इतकी चांगली भाकरी होती. निघताना ती म्हणाली, "नागेशभाऊंना सांगा, काय लागलं सवरलं तर आमचे हे हाईत." मी मान डोलावली. नागेशभाऊ आत झोपले होते, रात्रपाळीवरून आलेले. मी नंतर नागसेनला सांगितलं तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून हसला. "लेकीनं बाप बदलला की," म्हणाला. "बरं केलं. निदान देवाचं नाव दिलं." मग बराच वेळ त्याची पाठ हलत होती आणि मी विचारलं नाही की हसतोयस का.

साड्या आवरल्या त्या संध्याकाळी मी समृद्धीच्या आईला फोन लावला. दीक्षा दारात उभी होती, एक हात चौकटीवर. मी ठरवलं होतं की सरळ सांगायचं. एक वाक्य होतं. मी वर्गात मुलांना सांगते, अवघड गोष्ट एका वाक्यात सांगा, आणि मग थांबा. "रविवारचं घाटावर नाहीये," मी म्हणाले. "घरीच आहे. बिल्डिंगखाली, पार्किंगमध्ये. आमचा कार्यक्रम..." आणि थांबले. "बरं झालं की बाई," ती म्हणाली. "घाटावर उन्हाचं म्हाताऱ्या माणसांचं हाल हुत्यात. येतो आम्ही. फुलं आणू नका, आमच्या मळ्यातली हाईत." मी फोन ठेवला. दीक्षा चौकटीवरून हात काढून आत निघून गेली. मी तिला सांगितलं नव्हतं की मी काय सांगणार, आणि जे सांगितलं त्यात खोटं काहीच नव्हतं. दौंडही नव्हतं, दहावाही नव्हता. कार्यक्रम. साखर कुणाचीही चालते.

रविवारी पार्किंगमध्ये पांढरा कापडी मांडव घातला. टेबलावर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, आणि आईचा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो, ज्यात ती फोटोग्राफरवर चिडलेली आहे. भन्तेजी आले, दौंडची माणसं टेंपोतून आली, पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. नागसेनची नकुशी मावशी फाटकाशी उभी राहून येईल त्याला जय भीम घालत होती, तिचा आवाज रस्त्यापलीकडं जातो. मी मेणबत्ती लावत होते आणि माझं सगळं लक्ष पाठीला होतं. मग मावशीचा आवाज आला, "जय भीम, ताई! या, आत या. केवढी ही फुलं!" आणि त्यानंतर जी शांतता आली ती मी ओळखली, कारण नागसेनचं नाव सांगितल्यावर ती मी नेहमी ऐकते. मी वळून पाहिलं. समृद्धीची आई डोक्यावर शेवंतीची पाटी घेऊन उभी होती. तिनं मांडवाकडं पाहिलं, टेबलाकडं पाहिलं, पांढऱ्या साड्यांकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "मला वाटलं..." ती म्हणाली, आणि पुढं काय वाटलं ते गिळलं. पाटी खाली घेतली, पदर सारखा केला. "नमस्कार," मावशीला म्हणाली.

ती परत गेली नाही, हे मला लिहिलंच पाहिजे. ती कडेच्या खुर्चीवर बसली आणि सगळी वंदना होईपर्यंत हात जोडून बसली. मध्ये डोळेही मिटले. तिनं स्वतः उठून फुलं वाहिली, आईच्या फोटोला आधी, आणि मग क्षणभर थांबून बुद्धाच्या पायाशीही. तेव्हा मला वाटलं, आपण उगाच घाबरलो. दोन्ही मुली मागच्या रांगेत शेजारी बसल्या होत्या. दीक्षा ताठ होती. समृद्धी तिच्या कानात काहीतरी विचारत होती आणि दीक्षा थोडं थोडं सांगत होती, आणि एकदा समृद्धीनं भन्तेजींच्या चीवराकडं बोट दाखवून काहीतरी म्हटलं आणि दोघींनी ओठ दाबून हसू आवरलं. मी ते पाहिलं. मला माझ्या मुलीचं खरं हसू ओळखता येतं.

मग जेवणं. पुरी, बटाट्याची भाजी, बुंदी. मावशी ताट घेऊन समृद्धीच्या आईपुढं गेली. "नको हो," ती म्हणाली. "आज माझी चतुर्थी हाय."

"चतुर्थी?" मावशी तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. "मंगळवारीच झाली की बाई! कॅलेंडर मी बी बघती."

दोन-चार माणसांनी माना वळवल्या. समृद्धीच्या आईच्या गालावर लाली चढली, आणि मला मावशीचाच राग आला. पाहुण्या बाईला असं भर मांडवात? मी पुढं होऊन म्हणाले, "नवसाची असेल मावशी, असू दे." "हां, नवसाची," ती लगेच म्हणाली आणि माझ्याकडं कृतज्ञतेनं पाहिलं. मी तिला सोडवलं होतं. मग तिची नजर माझ्यामागं गेली. समृद्धीच्या हातात ताट होतं, तिनं पुरी मोडली होती. "समृद्धी, चल गं. क्लास हाय ना तुझा."

"मम्मी, आज रविवार हाय."

"चल म्हणते ना."

समृद्धीनं आईकडं पाहिलं, ताटाकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काही कळल्याची खूण नव्हती आणि मग होती. मी ते येताना पाहिलं. तिनं ताट अगदी हळू, आवाज न करता, रिकाम्या खुर्चीवर ठेवलं. "उद्या भेटू," ती दीक्षाला म्हणाली. "हां," दीक्षा म्हणाली. त्या फाटकाबाहेर गेल्यावर दीक्षा त्या खुर्चीजवळ गेली, समृद्धीचं ताट उचलून मांडीवर घेतलं, आणि खाली मान घालून ते संपवलं. मोडलेली पुरी, भाजी, बुंदीचा शेवटचा दाणा. मग ताट घासायला नेऊन ठेवलं.

मला वाटलं होतं की आता सगळं तुटेल. मी त्याची तयारी केली होती, दीक्षाला जवळ घेऊन काय सांगायचं ते मनात बांधून ठेवलं होतं. तुटलं काहीच नाही. समृद्धी शाळेत तिच्याच बेंचवर बसत राहिली. "बोलली का काही?" मी विचारलं. "काय बोलायचंय?" "त्या दिवसाबद्दल." "न्हाई. नेहमीसारखंच हाय." "आणि डबा?" "ज्याचा त्याचा खातो," दीक्षा म्हणाली, आणि गणिताची वही उघडली. त्यावर अजून एन. होता. मी कामावर जायला लागले. शिक्रापूरच्या एका वर्गात फळ्यावर ते वाक्य लिहिलं, आणि खडू हातात धरून उभी राहिले. मागच्या बेंचवरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, पुढं?" पुढं मी बिस्किटांचे पुडे फोडले. मुलांनी एकमेकांच्या हातातून बिस्किटं घेतली, खुशाल, हसत. कारखान्यातून येतात ती. त्यांना कुणाचा हात लागलेला नसतो. ही गोष्ट मला किती वर्षं माहीत आहे, हा प्रश्न आईनं विचारला असता, पेपरामागून. घरी आल्यावर अजून मी आधी खाटेकडं पाहते.

होळीला समृद्धी दारात आली. हातात स्टीलचा डबा, झाकणावर कोरलेलं, 'कै. हौसराव यांच्या स्मरणार्थ'. आजोबांच्या वर्षश्राद्धाला वाटलेल्यांतला असणार. "मम्मीनं दिलंय. दीक्षाला आवडत्यात म्हणून." पुरणपोळ्या होत्या, तुपानं चमकणाऱ्या, अजून गरम. मी तिला आत बोलावलं. ती आली, पाणी प्याली, दीक्षाशी अर्धा तास बोलली, कसल्याशा बाईंची नक्कल केली, दोघी खिदळल्या. चांगली मुलगी आहे. तिची आईही चांगली आहे. आम्ही पोळ्या खाल्ल्या. तशा पोळ्या मला येत नाहीत. रात्रीच मी ठरवलं, आणि धुळवडीची सुट्टी झाल्यावर, शाळेच्या दिवशी सकाळी लवकर उठून रवा भाजायला घेतला. तूप सढळ घातलं, वेलदोडा कुटला, केळं कुस्करलं. आई करायची तसा शिरा. डब्यातून तोच जाईल. घेतला तर घेतला, नाही तर त्यांच्या गोठ्यातली म्हैस खाईल, पण आमच्या घरातून आमच्या हातचं जाईल. रवा हलवताना मला बरं वाटत होतं. पुष्कळ दिवसांनी.

दीक्षा शाळेच्या कपड्यांत आली. डबा तिनं रात्रीच घासून पालथा घालून ठेवला होता. आता तिनं तो उचलला, उजेडात धरून पाहिला, कोरड्या फडक्यानं आतून पुसला. "थांब, शिरा होतोच आहे," मी म्हणाले. "त्यात भरू."

"शिरा आपण खाऊ," ती म्हणाली. "साखर कुठंय?"

मी कढईतला हात थांबवला. "तुला कुणी सांगितलं साखर भरायला?"

"सांगायला कशाला लागतं?"

तिनं फळीवरचा साखरेचा डबा स्वतःच काढला. त्यात रागाची किनार होती का, ते मी पाहिलं. नव्हती. ती वाटीनं साखर ओतत होती, सांडू न देता, मैत्रिणीच्या घरी न्यायची वस्तू भरावी तशी, निगुतीनं. कढईत शिऱ्याला खालून लागल्याचा वास यायला लागला. डबा भरला तसा तिनं तो ओट्यावर दोनदा आपटला. साखर खाली बसली, वर जागा झाली. तिनं अजून एक वाटी घातली.